करंट लागते का, बाई?

माझ्या आईच्या हाताला चटका लागत नसे. हे मी शाळेत इतक्या जणींना इतक्यांदा सांगितलं होतं की पोरी मला बघून म्हणत, "आली पाहा चटक्याची पोट्टी." म्हणेनात का! खोटं थोडंच होतं? गडचिरोलीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी मुलांचं एक वसतिगृह होतं, आई तिथे स्वयंपाक करायची. चुलीवरचा भाताचा गंज, ते मोठं पातेलं, बाजूला घ्यायचा झाला की मदतीच्या बायका फडकं शोधत फिरायच्या. तोवर आई उजव्या तळहाताची कड गंजाला लावून तो सरळ रेटून द्यायची. हात झटकणं नाही, फुंकर नाही. तव्यावरची भाकर त्याच कडेनं दाबायची. पोरं आ वासून बघायची आणि ती म्हणायची, "चुलीनं भाजून भाजून पक्का केला माहा हात. वीट नाई का होत पक्की?"

पण तिचा खरा तोरा वेगळाच होता. वसतिगृहात कुणब्यांची पोरं होती, तेल्यांची होती, ढिवरांची, गोंडांची, आमची बौद्धांचीही होती. सगळी एका पंगतीला बसत आणि सगळी तिच्या हातचं खात. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, विहिरीपासून लांब उभं राहून वरून ओतलेलं पाणी पिऊन अर्धा जन्म काढला होता. म्हणून आई रोज घरी येऊन पदरानं तोंड पुसत तेच वाक्य म्हणायची, "सगळ्या जातीचे पोट्टे माह्या हातचं खाते वो." मला कंटाळा यायचा त्या वाक्याचा. मी म्हणायची, "मग काय, आरती ओवाळू?" ती हसायची. बाप मी लहान असतानाच गेला होता, घरात आम्ही दोघीच होतो आणि असंच चालायचं आमचं.

मी दहावीला होते त्या हिवाळ्यात तिचा तोच उजवा हात दुखायला लागला. कोपराच्या आतल्या बाजूनं जी कळ निघायची ती थेट करंगळीपर्यंत. "कोपराच्या हाडावर कोणी हातोडी ठोकून राह्यलं वो," म्हणायची. मोहाच्या बियांचं तेल चोळून झालं, हळदीचा लेप झाला, कोणी सांगितलं म्हणून एरंडाची पानं गरम करून बांधून झाली. काही फरक नाही. झोपेत कण्हायची आणि सकाळी मी विचारलं की म्हणायची, "मी कुठी कण्हली?" परीक्षा संपली, वसतिगृहाला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हात दाबून बघितला आणि म्हणाला, चंद्रपूरला जा, तिथे मोठ्या दवाखान्यात नसांच्या दुखण्याला मशीननं करंट देतात.

चंद्रपूरला मावशी राहायची. आम्ही तिच्याकडे उतरलो. करंट म्हटल्यावर मावशीनं कपाळावर हात मारला. "बाप्पा! तो तं पागल लोकायले देते, डोक्याले!"

"माहा हात पागल झाला ना," आई म्हणाली. "म्हणून हाताले देते."

मे महिन्यातलं चंद्रपूर ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, वरचा पंखा बंद पडलेला, आणि टेबलावर ती मशीन. लोखंडी पेटी, तिला दोन बटणं, एक लाल दिवा आणि दोन वायरी. वायरींच्या टोकांना धातूच्या पट्ट्या. बाजूला मिठाची बरणी आणि पाण्याचं भांडं. मिठाच्या पाण्यात कापडाच्या घड्या भिजवायच्या, त्या हातावर ठेवायच्या, वर पट्टी ठेवून पट्ट्यानं बांधायचं आणि मग बटण फिरवायचं. हे सगळं करणारी बाई पुण्याकडची होती. चष्मा, पांढरा कोट, कपाळाला आठी. मला ती मुळीच आवडली नाही. आल्या आल्या तिनं आईला विचारलं, "बांगड्या काढता येतात ना? मग काढा की."

मग म्हणाली, "जाणवायला लागलं की सांगायचं."

आईनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते वो?"

"लागलं की सांग म्हणते."

त्या बाईनं हे ऐकलं आणि तेव्हापासून तिनं आमचाच शब्द धरला. बटण थोडं फिरवायची आणि विचारायची, "लागते का, बाई?" पुणेरी तोंडात तो 'लागते' असा काही बसायचा की मला हसू आवरायचं नाही.

पहिल्यांदा करंट दिला तो कोपराखाली, हाताच्या जाड भागावर. आईनं डोळे गच्च मिटून घेतले होते. बाईनं बटण फिरवलं आणि आईचा पंजा आपोआप वर उडाला. "अई माय!" आई ओरडली. "माहे बोटं मले न इचारता नाचून राह्यले!" तिला भीती आणि हसू दोन्ही एकदमच आलं. बाई हसली नाही. "नाचू द्या," एवढंच म्हणाली.

खरं सांगते, गुण आला. चार-आठ दिवसांत कळ कमी झाली. आई झोपू लागली. मावशीच्या अंगणात बसून बोलू लागली, की शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी पोट्ट्यांना गोड काहीतरी करीन, दोन महिने आयांच्या हातचं खाऊन माझ्या हातची चव विसरले असतील. मी म्हटलं, हो हो, वाटच बघून राह्यले.

मग ते बाकड्यावरचं बोलणं झालं. खोलीबाहेर एका बाकड्यावर आम्ही आपल्या पाळीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारा ढिवर बसलेला, तलावावर मासे धरणारा. पाठीला करंट घ्यायला आला होता. तेवढ्यात समोरून एक माणूस गेला, दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, बोटं आत वळलेली. लोकांनी पाय आखडून घेतले. म्हातारा आईला म्हणाला, "त्या तिकडच्या खोलीतला आहे तो. महारोग. इथी करंट देऊन पाह्यते ना, ज्याले करंट लागत नाई, त्याले तिकडं धाडते."

आईनं उजवा हात पदराखाली घेतला. मीही ते ऐकलं होतं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आईला तर करंट लागत होता. पंजा उडत नव्हता का तिचा?

त्याच दिवशी बाई म्हणाली, "आता खाली येऊ या. तळहाताकडे." ओली घडी आईच्या करंगळीखाली, हाताच्या कडेवर ठेवली. तीच कड, गंज रेटणारी. पट्टा बांधला. "डोळे मिटा. लागलं की सांगा."

बटण फिरलं.

"लागते," आई म्हणाली.

इतक्या घाईनं म्हणाली की बाईनं मान वर केली. तिनं बटण आणखी फिरवलं. मी आईच्या बोटांकडे बघत होते. करंगळी हलली नाही. "लागते का?" "लागते जी." आणखी फिरवलं. "आता?" "लागते." आईच्या वरच्या ओठावर घाम होता आणि डाव्या हातानं तिनं पदराचं टोक धरून ठेवलं होतं. खोटं बोलताना ती पदराचं टोक धरायची. गावातल्या बायकांना हळद नाही म्हणून सांगताना, वर्गणीवाल्याला घरात कोणी नाही म्हणताना, मी लहानपणापासून ते बघत आले होते. म्हाताऱ्याचं बोलणं तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज नको जाऊ, राहू दे, दुखणं तं कमी झालं ना. मावशीचं तेच मत. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. पण आईला हट्ट. नाही गेलं तर त्या बाईला संशय येईल म्हणायची. म्हणजे तिला तिथे जाऊन पुन्हा पुन्हा 'लागते' म्हणायचं होतं, जोवर बाईला पटत नाही तोवर. वसतिगृह उघडायला थोडेच दिवस उरले होते. महारोग निघाला तर चुलीपाशी कोण उभं करणार होतं तिला? कोण खाणार होतं तिच्या हातचं?

पुन्हा तीच खोली, तीच घडी, तीच कड. आईनं डोळे मिटले. बाईनं बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"लागते का, बाई?"

"लागते."

आणि लाइट गेली. गावाबाहेर थर्मलच्या चिमण्या भसाभसा धूर सोडतात, अख्ख्या राज्याला वीज देतात, आणि चंद्रपुरातच लाइट जाते, हे आम्हाला नवीन नव्हतं. पंखा आधीच बंद. खिडकीतून उन्हाचा भगभगीत उजेड येत होता, त्यामुळे काही अंधार झाला नाही. फक्त मशीनचा लाल दिवा विझला आणि आतली घरघर थांबली. बाहेर कोणीतरी ओरडलं, "गेली!" आईला ते ऐकू गेलं नाही. तिचा सगळा जीव त्या हाताच्या कडेवर होता.

बाईनं बटणावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मला ओरडायचं होतं, आई, डोळे उघड, लाइट गेली! पण मी आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडेच बघत राहिले.

बाईनं हळू विचारलं, "आता लागते का?"

"लागते जी."

"जास्त की कमी?"

"जास्त," आई म्हणाली. "आता जास्त लागून राह्यलं."

मग बाई म्हणाली, "डोळे उघडा."

आईनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे, मग त्या विझलेल्या दिव्याकडे. पदराचं टोक तिच्या मुठीतच होतं. मी उभी राहिले आणि त्या बाईवर तुटून पडले. "फसवता काय तिले? म्हाताऱ्या बाईची परीक्षा घेता?" आई काही म्हातारी नव्हती, पण मला तेव्हा जे सुचलं ते बोलले. बाईनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं पट्टा सोडला, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि खिडकीपाशी नेऊन कड बघितली. तिथे जुने तपकिरी डाग होते, एकावर एक. "हे कशाचे?"

मीच म्हणाले, तावातावानं, "चुलीचे. गंज रेटते ती त्या हातानं. तिच्या हाताले चटका लागतच नाई!"

सगळ्या शाळेत मिरवलेलं वाक्य होतं ते. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं.

बाईनं आम्हाला त्या तिकडच्या खोलीत धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी आईच्या कोपराच्या वरच्या बाजूला एक फिकट चट्टा शोधला. कापसानं स्पर्श करून बघितला, टाचणीनं बघितला. तिथेही तिला काही कळत नव्हतं. कोपरामागची नस दोरीसारखी जाड झाली होती, दुखत होती तीच. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. आवाज न बदलता सांगितलं, पडसं झालंय म्हणावं तसं. नवीन गोळ्या आल्या आहेत, नियमानं घेतल्या तर बरा होतो. नसेची सूज उतरवायलाही औषध देतो. हातात ताकद राहावी म्हणून करंट चालूच ठेवायचा.

आईनं एकच विचारलं. "हे दुसऱ्याले लागते का जी?"

"औषध सुरू झालं की नाही लागत."

"मी पोट्ट्यायचं जेवण शिजवतो."

"शिजवा की. फडकं वापरा फक्त. हाताला कळत नाही, तर डोळ्यांनी जपा."

एसटीत आई खिडकीशी बसली होती. मूल गाव मागे पडलं. मग जंगल लागलं तेव्हा म्हणाली, "गुरुजीले सांगीन मी."

वसतिगृहाचा कारभार बघणारे ते गुरुजी आमच्याच समाजाचे. बुद्धजयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं असायचं आणि त्यात विहिरीची, पाण्याची, शिवाशिवीची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं.

"काऊन सांगते?" मी भडकले. "डॉक्टर म्हणाला ना लागत नाई म्हणून! कोणाले कळते? हातावर लिहिलं आहे का?"

"मशीनले खोटं बोलली," आई म्हणाली. "ताटावर बसलेल्या पोट्ट्याले नाई बोलणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आईनं अंगणात उभं राहूनच सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही शब्दाला शब्द. गुरुजींनी ऐकून घेतलं. वाईट बोलले नाहीत. "तुले आराम पाहिजे बाई," म्हणाले. "यंदा दुसऱ्या कोणाले तरी पाहतो. पुढं पाहू." आई म्हणाली, "बरं जी." मग त्यांनी आत आवाज दिला आणि चहा आला. मला बशीसकट कप, हातात दिला. आईचा कप ओट्याच्या खालच्या पायरीवर ठेवला गेला. कान तुटलेला कप होता तो. ठेवणारीनं ठेवला आणि लगेच हात मागे घेतला.

आई त्या कपाकडे बघत राहिली. म्हणाली, "राहू द्या जी. मी चहा सोडला."

आयुष्यात चहा सोडला नव्हता तिनं. मला तो कप उचलून त्यांच्या भिंतीवर फोडावासा वाटला. माझा स्वतःचा चहाही मी तसाच ठेवला आणि तिच्यामागे निघाले. रस्त्यात ती म्हणाली, "माह्या मायचा कप असाच ठेवत. तिचा नारळाच्या करवंटीचा होता, एवढाच फरक." आणि ती चालत राहिली. मी मात्र रडत होते, मोठ्यानं, भर रस्त्यात, लोक बघत होते तरी.

तो पावसाळा फार वाईट गेला. आई गोळ्या घ्यायची, लाल लघवी बघून घाबरायची, मग आठवायचं की गोळ्यांनी तशी होते हे डॉक्टरनं सांगितलंच होतं. शिवणावळीवर माझं आणि तिचं कसंबसं चालायचं, मी शिवायची, ती काजं करायला बघायची आणि सुई बोटात घुसली तरी तिला समजायचं नाही. घरात तिनं स्वतःचं ताट वेगळं काढलं. मी तिच्या ताटातला घास उचलला की अंगावर धावून यायची. "मरायचं आहे का तुले?" "हो, मरायचं आहे," मी म्हणायची आणि खायची. अशा आम्ही दोघी रोज भांडत होतो. संध्याकाळी वसतिगृहाकडून ताटांचा आवाज यायचा तेव्हा ती दार लोटून घ्यायची.

चंद्रपूरच्या खेपा चालूच होत्या. बाई तशीच, आठी घालून. 'लागते का' विचारायची आणि आता आई खरं सांगायची, "नाई लागत." "नाई." "नाई जी." प्रत्येक 'नाई' माझ्या छातीत बसायचा. सूज उतरली, दुखणं गेलं, पंजात थोडी ताकद आली. पण ती कड मुकीच.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. बाईनं घडी ठेवली, डोळे मिटायला सांगितले, बटण फिरवलं. "लागते का?" "नाई." आणखी फिरवलं. "लागते का?"

"अई माय मेली!" आई खुर्चीतून उसळली. "जळलं! जळलं वो! बंद कर बाई!"

मी आधी लाल दिव्याकडे बघितलं. जळत होता. मग पदराकडे. पदर मोकळा होता. बाईनं बटण मागे घेतलं, पुन्हा थोडं फिरवलं, आई पुन्हा ओरडली आणि शिवी हासडली, जी मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी मी त्या बाईला पहिल्यांदा हसताना बघितलं. करंगळी कधीच शहाणी झाली नाही, पण तिच्याखालची ती बोटभर जागा जागी झाली होती.

दुपार झाली होती. मी आमचा डबा काढला, भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. बाई हात पुसत म्हणाली, "वास छान येतोय. मला नाही का विचारणार?"

आईचा चेहरा पडला. डबा तिनं स्वतःकडे ओढला. "बाई, माह्या हातचं आहे," ती म्हणाली. "मीच रांधलं."

"मग काय झालं?"

बाईनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि डब्याच्या झाकणात भात वाढून घेतला. आई उभीच. इतके महिने ती बाई आईच्या हाताकडे जशी बघायची तशी आई आता तिच्या तोंडाकडे बघत होती. एक घास झाला. दुसरा झाला.

"मीठ लागते का, बाई?" आईनं विचारलं.

"लागते थोडं," बाई तोंडात घास असतानाच म्हणाली.

टेबलावर मशीनशेजारी ती बरणी होती, घड्या भिजवायच्या मिठाची. आईनं डावा हात पुढे केला, मग मागे घेतला. उजव्या हातानं चिमूट घेतली आणि बाईच्या भातावर सोडली. बाईनं भात कालवला आणि खाल्ला.

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर लागते."

आई मशीनच्या खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली.